चिखल चाळायचे पैसे मिळतात हो!

ऐका! हातातलं काम ठेवा बाजूला आणि आधी हे ऐका! गोव्यात दोनापावलाला एक संस्था आहे. तिथली माणसं बोटीतून समुद्राच्या तळाचा चिखल वर काढतात, आणि मग तो चाळणीतून चाळतात, आणि मग चाळणीत उरलेले केसाइतके बारीक किडे चिमट्याने एकेक करून वेचतात, आणि मग ते भिंगाखाली घालून त्यांचे जबडे नि पाय बघत बसतात, आणि या सगळ्याबद्दल सरकार त्यांना दरमहा पैसे देतं! ३७ हजार रुपये! घरभाडं वेगळं! आणि शेवटी नावाआधी 'डॉक्टर'!

मला हे माहीतच नव्हतं. तुम्हाला होतं? मग आजवर बोलला का नाहीत?

आधीच सांगून टाकते, मी यातली कोणी नाही. पतपेढीत हिशेब लिहिणारी बाई मी. विज्ञानाची नि माझी फारकत दहावीलाच झाली, तीही परस्परसंमतीने. तेव्हा खाली जे काही येईल ते नवशिकीचं आहे, दोन वाक्यांमागे एक उद्गारचिन्ह आहे, आणि त्याला माझा इलाज नाही. जाणकारांनी हसावं. बाकीच्यांनी माझ्याबरोबर चलावं, कारण एकटीला इतकं सगळं सहन होत नाहीये!

झालं असं की माझी भाची रत्नागिरीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राणिशास्त्र. घरात सगळ्यांचं ठरलेलं: पुढे बी.एड. करावं, नाहीतर बँकेच्या परीक्षा द्याव्यात. आणि ही म्हणते, मला सागरी अपृष्ठवंशीय प्राण्यांवर संशोधन करायचंय! म्हणजे पाठीला कणा नसलेले समुद्रातले प्राणी. बहिणीचा मला रडवेला फोन. "ताई, तुझं ऐकते ती. तूच समजाव." मी गेले समजवायला. भाचीने चहा दिला आणि म्हणाली, "मावशी, तुला काय बोलायचंय ते बोल. पण आधी एकदा माझ्याबरोबर खडकावर चल."

आणि मग संपलंच सगळं!

आम्ही पौर्णिमेच्या पहाटे मिऱ्याच्या खडकांवर गेलो. पहाटेच का? तर आपल्या कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, म्हणजे पूर्ण ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, पाचच्या सुमारास! मी आयुष्यभर व्याज काढत आले आणि हे गणित मला कोणी शिकवलं नाही! पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि मागेही जास्त सरतं, म्हणून एरवी बुडालेले खडक तेव्हा उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत जाल तर निम्मी गंमत पाण्याखालीच राहील. लिहून ठेवा!

आता खडक. मला खडकावर पांढुरक्या खरबरीत पुटकुळ्या दिसल्या. या पायाला लागतात, एवढीच त्यांची नि माझी लहानपणापासूनची ओळख. भाची म्हणाली, "हे बार्नकल. हे शिंपले नाहीत, कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद आहेत." काय सांगतेस! तिने एक डबक्यातला दाखवला, पाण्याखाली असलेला. "हलू नकोस, सावली पाडू नकोस." आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. त्या इवल्याशा डोंगराच्या टोकाला दोन झडपा होत्या. त्या उघडल्या! आतून पिसांसारखा एक झुबका बाहेर आला, पाण्यातून एकदा फिरला आणि मिटून आत गेला. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. झुबका म्हणजे त्याचे पाय! पिल्लू असताना हा प्राणी पाण्यात मोकळा पोहतो, आणि मग जागा पसंत पडली की डोक्याकडची बाजू खडकाला कायमची चिकटवून टाकतो, आणि मग भोवती चुन्याच्या भिंती बांधतो, आणि मग उरलेलं सगळं आयुष्य डोकं खाली, पाय वर, पायांनी अन्न तोंडात ढकलत काढतो! आपण स्वयंपाकघरात शीर्षासनात कायमचे चिकटलोय आणि पायांनी भात कालवून खातोय, असं समजा! आणि असे त्या एका खडकावर हजारो! आणि मी त्यांच्यावरून चपला घालून चालत होते!

चार्ल्स डार्विन माहीत आहेत ना, उत्क्रांतीवाले? त्यांनी या बार्नकलांवर आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४! घरात इतकी बार्नकलं झाली की त्यांच्या एका मुलाने शेजारच्यांकडे जाऊन विचारलं म्हणे, तुमचे बाबा त्यांची बार्नकलं कुठे करतात? प्रत्येकाचे बाबा हेच करतात अशी त्याची समजूत! बार्नकलाच्या संसाराबद्दल आणखी एक अफाट गोष्ट भाचीने मला सांगितली, ती मी इथे लिहू शकत नाही, कारण हा लेख माझे साहेबही वाचतील. एवढंच सांगते, जागचं हलता येत नसताना शेजाऱ्याशी लग्न लावायचं तर निसर्ग काय तरतूद करतो ते तुमचं तुम्ही शोधा. शोधा बरं का!

मी एक सुंदर शंख उचलायला गेले तर भाचीने हात धरला. "ठेव तो. आत कोण राहतंय बघ आधी." आत खेकडा! शिवाय शंकूच्या आकाराचे काही शंख विषारी डंख मारतात, हेही तेव्हाच कळलं. आणि त्याच जातकुळीतल्या एका गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं वेदनाशामक औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय, हेही कळलं! प्रवाळ आणि समुद्रकाकड्या तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दगड उलटवून बघितला तर परत होता तसा ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या अंगाला कोणाकोणाची घरं असतात. मी दगड ठेवताना त्यांना 'सॉरी' म्हटलं. खरंच म्हटलं!

घरी आणलं काय, तर चमचाभर ओली वाळू. भाचीकडे फोल्डस्कोप आहे, कागदाची घडी घालून बनवलेला मायक्रोस्कोप! कागदाचा! आणि तो गोष्ट १४० पट मोठी करून दाखवतो! तिने वाळूत समुद्राचं पाणी घालून ढवळलं, वरच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि म्हणाली, "बघ." आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. आणि मग वाळूचा एक कण, पिवळसर, आरपार. आणि मग त्या कणाआडून कोणीतरी आलं! बिनरंगी, वळवळणारा एक कृमी, आला आणि निघून गेला! त्याच्यामागून एक सांध्यासांध्यांचं टोकदार ध्यान, पायांची नुसती धांदल! "कोपेपॉड," भाची म्हणाली. हे लोक वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत राहतात. राहतात! जेवतात, पिल्लं घालतात, मरतात, सगळं त्या फटीत! मी जिच्यावर चटई टाकून भेळ खात आले, त्या वाळूत एवढी वस्ती!

तोवर बी.एड.चा विषय माझ्या डोक्यातून पार गेलेला. "याचं पुढे काय करतात गं?" मी विचारलं, आणि मग तिने ती दोनापावलाची गोष्ट सांगितली, आणि मग तिच्या एका सीनिअरला व्हिडिओ कॉल लावला, ती तिथेच प्रोजेक्टवर आहे, आणि मग आमचं जेवण राहिलं!

संस्थेचं नाव राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सगळे एनआयओ म्हणतात. साठच्या दशकात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, बऱ्याच देशांची जहाजं आली, बाटल्या भरभरून सूक्ष्म प्राणी गोळा झाले, ते निवडायला कोचीला केंद्र निघालं, आणि मग त्या सगळ्यातून १ जानेवारी १९६६ ला ही संस्था जन्माला आली. म्हणजे हिच्या जन्मातच निवडणं-टिपणं आहे! त्या सीनिअर मुलीने मला 'ग्रॅब' दाखवला, दोन लोखंडी जबड्यांचा. तारेने खाली सोडायचा, तळाला टेकला की वर ओढताना जबडे मिटतात आणि घासभर चिखल घेऊन येतात. मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाणी मारत तो धुवायचा. मग फॉर्मेलिन. त्यात 'रोझ बेंगाल' नावाचा रंग घालतात, म्हणजे जीव तेवढे गुलाबी होतात आणि काडीकचरा मळकाच राहतो! किती हुशारी! आणि मग 'सॉर्टिंग', तासन् तास. "मावशी, मान मोडते," ती म्हणाली, पण हे सांगताना हसत होती!

आणि या किड्यांना मोजून करायचं काय? हेच मी विचारलं, तुम्हीही विचारलंच असतं. तर 'कॅपिटेला' नावाचा एक बारीक कृमी आहे. सांडपाण्याने तळ कुजायला लागला की बाकीचे हळूहळू नाहीसे होतात आणि हा बहरतो! म्हणजे चिखलात कोण किती आहेत हे मोजलं की खाडीची तब्येत कळते! पाणी आज स्वच्छ दिसेल, उद्या घाण, पण तळातले किडे महिनोन् महिने तिथेच असतात, ते खोटं बोलू शकत नाहीत! एनआयओत बार्नकलांवरही काम चालतं, कारण ती जहाजांच्या बुडाला चिकटतात, जहाज जड चालतं आणि इंधन जास्त जळतं. मुंबईत किनारी रस्ता बांधताना वाटेत आलेले प्रवाळ उचलून दुसरीकडे लावायचं कामही याच संस्थेकडे आलं होतं. मुंबईत प्रवाळ! हाजी अलीच्या खडकांवर! आपल्याला ते लक्षद्वीपला जाऊन बघायचे असतात!

आता नीट लिहून घ्या, कारण हा मार्ग मला सापडलाय आणि तो मी वाटत सुटलेय. आधी एम.एस्सी. प्राणिशास्त्रातही चालतं. खास समुद्राचंच हवं असेल तर गोवा विद्यापीठ आहे, कोचीचं कुसाट आहे, तमिळनाडूत अण्णामलै विद्यापीठाचं परंगीपेट्टैचं केंद्र आहे, आणि पुदुच्चेरी विद्यापीठाचा एक विभाग तर थेट अंदमानात, पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला! मत्स्यविज्ञानाकडे जायचं तर रत्नागिरीतच शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि त्यापुढे वर्सोव्याची सीआयएफई. आणि मग नेट. सीएसआयआर-यूजीसी नेट, 'लाइफ सायन्सेस'चा पेपर. तीन तास, २०० गुण, चुकलं की गुण कापतात. त्यातला भाग 'अ' म्हणजे साधी गणितं आणि तर्क. मी जुना पेपर घेऊन बसले आणि मला ती गणितं आली! मला! भाग 'ब' उघडला आणि हळूच मिटला, ते सोडा.

नेटमध्ये ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे सीनिअर झालात की ४२ हजार, मिळून पाच वर्षं. एनआयओत पीएच.डी. 'अॅकसिर' या अकादमीमार्फत होते, प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑगस्टच्या सत्राला. कोचीला सीएमएफआरआय ही सागरी मत्स्यसंशोधन संस्था आहे, १९४७ सालची, तिथे शिंपले-कालवं-माकुल यांच्यावरही काम चालतं! कोचीतच सीएमएलआरई ही सागरी जीवांची संस्था आहे, तिचं 'सागर संपदा' जहाज १९८४ पासून खोल समुद्रातून प्राणी आणतंय! पुण्याला आकुर्डीत आणि चेन्नईला प्राणी सर्वेक्षण संस्थेची केंद्रं आहेत, प्राण्यांना नावं देणारी! आणि सगळ्यात गोड गोष्ट, हे सगळं व्हायच्या आधीच, बी.एस्सी.ला असतानाच, तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप असते. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत! त्या अर्जाला काय लागतं? मार्क, शिक्षकांचं पत्र, आणि मला काय करायचंय हे सांगणारं एक पान. ते पान लिहायला भाचीला मी मदत केली. म्हणजे मी शेजारी बसून "हेही लिही! ते पायवालं लिही!" असं ओरडत होते आणि ती मला गप्प करत होती.

अडचणी? आहेत ना. मी आंधळी झालेली नाही, फक्त वेडी झालेय. फेलोशिपचे पैसे कधी कधी उशिरा येतात. जहाजावर ओकाऱ्या होतात. पीएच.डी.नंतर कायमच्या जागा थोड्या आणि इच्छुक फार. पाच वर्षं एका गाईडबरोबर काढायची, तेव्हा माणूस पारखून घ्या, विषय नंतर, हे त्या सीनिअर मुलीचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. हे सगळं मी बहिणीलाही सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली, "अगं पण या किड्या-गोगलगायींचा जगाला उपयोग काय?"

तिने असं विचारायला नको होतं! कारण मी तोवर वाचलं होतं! १८८२ मध्ये सिसिलीत मेस्सिनाला मेचनिकॉफ नावाच्या माणसाने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लात बागेतला गुलाबाचा काटा टोचला आणि रात्रभर झोपला नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका! शरीर स्वतःचं रक्षण कसं करतं याचा तो धागा, आणि १९०८ चं नोबेल! आपण ज्याचं सुकं करतो त्या माकुलाच्या जातीत एक मज्जातंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्यात तारा घालून दोघा इंग्रजांनी मज्जातंतूतून संदेश कसा धावतो ते शोधलं, १९६३ चं नोबेल! 'सी-हेअर' नावाच्या समुद्री गोगलगायीच्या मज्जासंस्थेत जेमतेम वीसेक हजार पेशी, म्हणून आठवण कशी साठते हे तिच्यात सापडलं, २००० चं नोबेल! आणि या सी-हेअरची भावंडं मुंबईच्या खडकांवर फिरतात! सी-अर्चिनच्या अंड्यांतून पेशींचं विभाजन कळलं, २००१ चं नोबेल! आणि जपानचे शिमोमुरा! ते दर उन्हाळ्यात बायकामुलांना घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेलीफिश गोळा करायला जात, वर्षानुवर्षं, सगळे मिळून सुमारे साडेआठ लाख जेलीफिश! त्यातून निघालेलं हिरवं चमकणारं प्रथिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, २००८ चं नोबेल! सहल काढायची तर अशी!

बहीण फोनवर गप्प. मी म्हटलं, "आहेस ना?" म्हणाली, "आहे. ताई, तू समजवायला गेली होतीस ना?"

पण अजून निम्मं राहिलंय! प्राण्यांचे तीसहून जास्त मोठे संघ आहेत. कणा असलेले आपण सगळे, मासे, बेडूक, हत्ती, मी, तुम्ही, मिळून एक अख्खा संघही होत नाही, त्यातलाच एक तुकडा! बाकी सगळे बिनकण्याचे, आणि त्यांचे बहुतेक संघ समुद्रात! बाजारात आपण ज्यांचा वाटा घेतो त्या तिसऱ्या, कोळंबी, जवळा, चिंबोऱ्या, शेवंड, सगळे तेच! आजवर नाव मिळालेल्या सागरी जाती दोन लाखांच्या वर आहेत आणि नाव न मिळालेल्या अजून कितीतरी खाली वाट बघताहेत. नाव देणारी माणसंच कमी पडतात! २०२१ मध्ये सरकारने खोल समुद्राची मोहीम मंजूर केली, तिच्यात खोल पाण्यातल्या जीवांचा अभ्यासही आहे. म्हणजे माणसं लागणार! आणि खोल कशाला, पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळ्या फुग्यांचे 'ब्लू बॉटल' येऊन पडतात ना, ज्यांचा डंख बसला म्हणून बातम्या येतात? तो एक प्राणीच नाही! ती अनेक जीवांची वसाहत आहे, कोणी तरंगायचं काम करतो, कोणी पकडायचं, कोणी पचवायचं! आणि 'ग्लॉकस' नावाची एक बोटभरही नसलेली निळी गोगलगाय पोट वर करून उलटी तरंगत येते, त्याला खाते, त्याच्या न फुटलेल्या डंखपेशी गिळून स्वतःच्या अंगावरच्या बोटांसारख्या फाट्यांच्या टोकांत साठवते आणि मग त्याच शस्त्राने स्वतःचं रक्षण करते! चोरीचा माल, आणि तोही चालू स्थितीत! हे मला कोणी शाळेत सांगितलं असतं तर मी आज व्याज काढत बसले असते का?

असू दे. फेलोशिपची वयोमर्यादा मी कधीच ओलांडलीय, बहिणीने हे मला फार आनंदाने सांगितलं. पण मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले ओहोटीला लोकांना खडकांवर नेतात, त्यांना नेट लागत नाही, वय लागत नाही, फक्त चांगली पकड असलेल्या चपला लागतात. मी नवी जोडी घेतलीय!

तर आता तुमचं काम. तुमच्या इमारतीत, नात्यात, क्लासला कोणीतरी प्राणिशास्त्राचं पोर असेलच. त्याच्या हातात हा लेख देऊ नका, पंचांग बघून त्याला थेट खडकावर न्या. घरचे म्हणतील, याने पोट भरतं का? त्यांना शांतपणे सांगा, महिना ३७ हजार. ते म्हणतील, पण उपयोग काय? मग खुर्ची ओढून घ्या, चहा मागवा आणि मेचनिकॉफच्या काट्यापासून सुरुवात करा. मध्येच ते हात जोडतील, पुरे म्हणतील, थांबू नका. शिमोमुरांच्या साडेआठ लाख जेलीफिशांपर्यंत पोचलात की बहुतेकजण अर्जाची तारीख विचारतात. माझ्या बहिणीने विचारली!